‘खाटल्यावरी’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

मा. संपादक,
जय ख्रिस्त.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र वाचलं. त्यांच्या सोसायटीत एक ख्रिस्ती कुटुंब राहतं, त्यांना काहीही विचारा, लिफ्टची वर्गणी असो नाहीतर पोराचं ॲडमिशन, उत्तर एकच, "प्रभू बघून घेईल, आम्ही प्रार्थनेत ठेवलंय." आणि मग गृहस्थांनी ती म्हण टाकलीये, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. पत्र खोचक होतं पण वाईट नव्हतं, मला तर हसूच आलं, कारण असले लोक आमच्यात आहेत हे त्यांच्यापेक्षा मला जास्त माहितीये. फक्त एका घरावरून त्यांनी सगळ्या विश्वासाचाच निकाल लावून टाकला, तेवढ्यासाठी हे लिहितेय. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर कापा, पण पंडिता रमाबाईंच्या केडगावचा भाग तेवढा कापू नका.

मी अहिल्यानगरची, म्हणजे आमच्या तोंडात अजून नगरच. आयुष्य मिशन हॉस्पिटलात नर्सिंग करण्यात गेलं, आता रिटायर. आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळी जुनी आहे, अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ साली उतरले आणि नगरला १८३१ मध्ये त्यांचं काम सुरू झालं, तेव्हापासून गावोगावी घरं आहेत. त्यामुळे "प्रभू पुरवील" हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत आलेय, राबणाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय आणि ऐतखाऊंच्या तोंडूनही.

आधी ऑपरेशन थिएटरचं सांगते. आमच्याकडे पेशंट टेबलावर घेतला की भूल द्यायच्या आधी डॉक्टर त्याच्या डोक्याशी उभे राहून प्रार्थना करायचे, पेशंट कुठल्याही धर्माचा असो, त्याला विचारून. दोन-चारच वाक्यं असायची, म्हातारी माणसं तर टेबलावरूनच हात जोडायची. आणि तेच डॉक्टर पोट शिवायला घेण्याआधी विचारणार, "सिस्टर, मॉप काउंट?" मॉप म्हणजे रक्त टिपायला पोटात घातलेले कापडाचे बोळे, जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले का ते मोजायचं, मोठ्याने मोजायचं, फळ्यावरच्या आकड्याशी जुळवायचं. एक जरी कमी भरला तरी सगळं थांबायचं, बादली उपडी करायची, टेबलाखाली बघायचं, जुळल्याशिवाय टाका नाही. आता प्रार्थना केली होती ना, मग मोजायचं कशाला, असं तिथे कधी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही, वॉर्डबॉयसुद्धा म्हणणार नाही. प्रार्थना केल्यामुळे तर जास्त नीट मोजायचं, कारण तो पेशंट आपण देवाच्या हाती दिलाय आणि देवाने तो आपल्या हाती दिलाय, असा सगळा हिशोब होता.

आता बायबलचं. "चिंता करू नका, आकाशातल्या पाखरांकडे बघा" हे मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं वचन सगळ्यांना पाठ असतं, स्टेटसला ठेवायला पण छान, मागे सूर्योदयाचा फोटो टाकला की झालं. पण त्याच्या लगेच आधी काय आहे ते कुणी स्टेटसला ठेवत नाही. आधी येशूने सांगितलंय की एका माणसाला दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, देवाची आणि पैशाची एकदम होत नाही, आणि तिथून पुढे मग ते खाण्याची कपड्याची चिंता नको असं येतं, आणि शेवटी येतं की आधी देवाचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व बघा, बाकीचं मिळेल. म्हणजे तिथे काम बंद करा असं काहीच नाहीये, तिथे विचारलंय की तुझा मालक कोण. काम तर दोघांचंही करावं लागतंच, उलट पैशाचं करणारा रात्री झोपत पण नाही. प्रेषित पौलाने तर तंबू शिवून पोट भरलं आणि थेस्सलनीकाच्या मंडळीला रोखठोक लिहून टाकलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊ पण नये. सोसायटीतल्या त्या कुटुंबाला हे वचन कुणीतरी प्रेमाने फॉरवर्ड करावं.

बरं आता केडगाव. पंडिता रमाबाईंचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, शाळेच्या पुस्तकातला एखादा परिच्छेद, फार तर पांढऱ्या साडीतला फोटो. पण देवावर अवलंबून राहणं म्हणजे प्रत्यक्षात कसं दिसतं हे बघायचं तर महाराष्ट्रात त्यांच्याइतकं स्पष्ट उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. ही बाई दुष्काळात होरपळलेली होती हे आधी लक्षात घ्या. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली, भाऊ आणि ही अशी दोघंच देशभर पायी फिरत राहिली, पुढे कलकत्त्यात विद्वानांनी पंडिता म्हणून गौरव केला, मग भाऊही गेला, लग्न झालं तर दीड-दोन वर्षांत नवरा कॉलऱ्याने गेला आणि कडेवर लहान मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यावरून इकडे किती गहजब झाला ते वेगळं सांगत नाही, आणि मजा म्हणजे तिकडच्या मिशनरींशीही त्यांचं जमलंच असं नाही, कारण बाई ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या.

तर मुद्दा असा की अमेरिकेत १८८७ साली बॉस्टनला त्यांच्या कामासाठी एक असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. त्याच्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. बालविधवांसाठी शाळा, राहणं-खाणं सगळं. दहा वर्षं म्हणजे १८९८ ला ती मुदत संपणार. आणि नेमका त्याच काळात, १८९६-९७ ला, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आता तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? फंडाचं काय होतंय ते बघू, मग नवीन मुली घेऊ. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या, छावण्यांमधल्या पोरींची हालत बघितली आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, तिथे ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर. ती शंभरेक एकर जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. तिथे मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली. आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून पण मुली आल्या आणि आकडा दोन हजाराच्या घरात गेला. कबूल केलेला पैसा संपत आलेला असताना, सरकारी ग्रँट नसताना, दोन हजार तोंडं. नुसत्या भाकरीच धरा, दिवसाला माणशी चार धरल्या तरी आठ हजार होतात. ते पीठ कुठून यायचं?

देवाकडून, असं रमाबाई म्हणायच्या, आणि मनापासून म्हणायच्या. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, १९०५ मध्ये तर तिथे जे आत्मिक संजीवन झालं ते बघायला लांबून माणसं यायची. पण आमच्या त्या पत्रलेखक गृहस्थांनी याच्या पुढचं बघावं. त्याच केडगावात विहिरी खणल्या होत्या, भाजीपाला लावला होता, गाई होत्या, तेलाचा घाणा होता, हातमाग होते, धोबीकाम, शिवणकाम, सुतारकाम, छापखाना, आणि हे सगळं मुलीच चालवत होत्या, ज्यांना गावाने अपशकुनी म्हणून टाकून दिलं होतं त्या. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन. खाटलं होतं की नाही मला माहीत नाही, असलंच तर ते त्या मुलींपैकी कुणीतरी स्वतः विणलेलं असणार.

आणि एवढ्यावर नाही थांबल्या. सगळ्या व्यापात बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल असं, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. कान गेले होते, ऐकू येत नव्हतं. जिच्या हातात संस्था द्यायची ती एकुलती एक मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये गेली. मला इथे नेहमी थांबायला होतं. मुलगी गेली, वारस गेली, वय साठीच्या पुढे, आता भरवसा म्हणजे काय करायचं माणसाने? रमाबाईंनी काम चालू ठेवलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तोवर भाषांतर पुरं झालं होतं, आणि ते पूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून छापून बाहेर पडलं. माझ्या मते विश्वासाच्या सगळ्या गप्पा ह्या शेवटच्या नऊ महिन्यांसमोर ठेवून बघाव्यात. तिथे चमत्कार वगैरे काही झाला नाही, मुलगी परत आली नाही. बाईंचं पहिलं काय आणि दुसरं काय हे ठरलेलं होतं, म्हणून सगळं कोसळूनसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं ते त्यांना माहीत होतं. मी प्रायॉरिटी म्हणते ती ही.

दुसरं उदाहरण नगरचंच, आणि ते जरा अडचणीचं आहे पण सांगते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, पगार नको म्हणाले, देवाचा दरबार काढला, जातपात पंथ बाजूला ठेवून ख्रिस्ताच्या मागे जायचं म्हणून. थोर माणूस, त्यांची भजनं आमच्या उपासनेत आजही दर रविवारी असतात, मला स्वतःला त्यांच्याशिवाय प्रार्थना सुचत नाही. पण पगार सोडला तो त्यांनी आणि चूल चालवली त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलं म्हणून, आणि त्यांनी ते हसतहसत लिहिलं म्हणून आपण पण हसतो. मला मात्र नेहमी वाटतं की त्या घरातला मोठा विश्वास कुणाचा, हा प्रश्न अजून नीट विचारला गेलेला नाही. आमच्या मंडळ्यांत आजही हेच आहे. साहेब घरसभेत उभे राहून साक्ष देणार की आम्ही काही ठेवलं नाही, प्रभूने पुरवलं, आणि मागच्या रांगेत बाई बसलेली असते जिने भिशीतून, नाहीतर माहेरून, नाहीतर दोन घरची शिवणं शिवून ते पुरवलेलं असतं. प्रभूने पुरवलं हे खरंच आहे, पण कुणाच्या हाताने ते पण साक्षीत यायला पाहिजे की नाही? मी एकदा हे महिला मंडळात बोलले तर टाळ्या पडल्या आणि पाळकसाहेबांनी विषय बदलला.

आता आमच्या घरातली घाण पण बाहेर काढते, नाहीतर ते गृहस्थ म्हणतील बाई फक्त स्वतःच्यांचं कौतुक करते. हल्ली मोबाईलवर जे प्रवचन चालतं ना, "विश्वासाचं बी पेरा, शंभरपट मिळेल", आणि खाली क्यूआर कोड. अमुक रक्कम टाका, तुमचं कर्ज फिटेल, व्हिसा होईल, घर होईल. ह्याच्यात देवाचं राज्य आधी कुठे आलं? आधी आलं घर आणि व्हिसा, आणि देव त्याचा एजंट. येशूने दोन धन्यांची चाकरी होत नाही म्हणून सांगितलं, ह्यांनी दोन्ही धन्यांचं जॉइंट अकाउंट काढून दिलं. आमच्या मंडळीतले साधे लोक, गवंडीकाम करणारे, घरकाम करणाऱ्या बायका, ह्याला पैसे पाठवतात आणि काही झालं नाही की यांनाच सांगतात तुमचा विश्वास कमी पडला. ह्याची चीड येते मला, आणि पुलपिटावरून याच्याविरुद्ध जेवढं बोललं जायला पाहिजे तेवढं बोललं जात नाही.

त्याहून वाईट म्हणजे गोळ्या बंद करणं. आमच्या ओळखीतल्या एक मावशी, शुगर जुनी, एका आरोग्यसभेला गेल्या, तिथे कुणीतरी डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तुम्ही बऱ्या झालात, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. मावशींनी गोळ्यांची पाकिटं सुनेकडे दिली, म्हणाल्या दुसऱ्या कुणाला दे. मला कळलं तेव्हा पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि त्यांना ती दुखत पण नव्हती, शुगरवाल्यांचं तेच असतं, बधिर झालेला पाय दुखत नाही म्हणून माणसाला वाटतं बरं आहे. मोजा काढला तर तळव्याला पू लागलेला आणि वास. मी तिथल्या तिथे रिक्षा बोलवली. अंगठा गेला, पाय वाचला. मावशी मला ॲडमिट असताना म्हणाल्या, "सिस्टर, देव रागावला असेल का गं माझ्यावर?" मी म्हटलं, मावशी, देवाने इन्सुलिन सापडू दिलं ते काय फक्त अविश्वासी लोकांसाठी? हसल्या थोड्या. आता रोज सकाळी शास्त्रपाठ वाचायच्या आधी गोळी घेतात, चष्म्याच्या डबीतच ठेवलीये.

लूककृत शुभवर्तमान लिहिणारा लूक, त्याला पौलाने प्रिय वैद्य म्हटलंय. एवढं तरी त्या सभावाल्यांनी वाचावं.

जामखेडचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, आमच्या जिल्ह्याचं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं वेल्लोरला शिकलेले, लग्न करतानाच ठरवलेलं की खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं. १९७० मध्ये जामखेडला आले, आणि पाठोपाठ तो सत्तरच्या दशकातला मोठा दुष्काळ. दवाखाना टाकायला आलेले डॉक्टर, पण गावाने सांगितलं आम्हाला आधी अन्न पाहिजे, पाणी पाहिजे, तर त्यांनी आधी पाण्याचं आणि खाण्याचं बघितलं. मग गावातल्याच बायका, कित्येक तर सही न येणाऱ्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या, त्यातल्या बऱ्याच दलित वस्तीतल्या, आणि त्यांनी बाळंतपणं केली, पोरांची वजनं घेतली, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी शिकवलं. १९७९ ला मॅगसेसे मिळालं. विश्वासाने माणूस आळशी होतो म्हणणाऱ्यांनी जामखेडला एक चक्कर मारावी, एसटी जाते.

एक शेवटची तक्रार, आणि ती माझ्याच लोकांबद्दल. रविवार. आमच्या लहानपणी शब्बाथ शाळेत बसायला जागा नसायची, आता चार पोरं आणि एक बाई. बाकीची कुठे तर क्लासला. रविवारी सकाळी टेस्ट सिरीज असते, नीटची, जेईईची, आणि स्पर्धा परीक्षा पण बहुतेक रविवारीच असतात त्याला इलाज नाही, परीक्षेला जावंच लागेल, त्याला कुणी पाप म्हणत नाही. पण दहावीच्या आधीच दोन-दोन वर्षं पोराला उपासनेतून काढून क्लासला बसवायचं आणि निकालाच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांना फोन करायचा, साहेब पोरासाठी विशेष प्रार्थना ठेवा. साहेब ठेवतात बिचारे. मला विचाराल तर देवावर भरवसा कमी आहे हे निकालाच्या दिवशी कळत नाही, ते त्या क्लासची फी भरताना टाइमटेबल बघून "हो चालेल" म्हटलं तेव्हाच ठरलेलं असतं. मी एका आईला म्हटलं, क्लासवाल्याला विचार की रविवारची बॅच दुपारी ठेवता येते का. तिने विचारलंच नव्हतं! विचारल्यावर तो म्हणाला शनिवारी संध्याकाळी या, काय प्रॉब्लेम नाही. आता पोरगं उपासनेला येतं, मागे बसून मोबाईल बघतं ते वेगळं, पण येतं.

आणि संपादकसाहेब, तुम्हाला पण एक. तुमचा फोटोग्राफर आमच्याकडे २४ डिसेंबरलाच येतो, लाल टोपीतलं एखादं पोर शोधतो, गव्हाणीचा फोटो काढतो, केक कुठे चांगला मिळतो विचारतो आणि जातो. यंदा त्याला उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला पाठवा, किंवा साध्या बुधवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला, जिथे आठ-दहा बायका सतरंजीवर बसून कुणाचा रिपोर्ट काय आला, कुणाच्या पोराची नोकरी गेली, कुणाच्या घरी आज भाजी नाही हे आधी ऐकतात, मग डोळे मिटतात, आणि उठताना कोण कुणाकडे काय पाठवणार ते ठरवून उठतात. फोटोला काही नाही तिथे. पण त्या गृहस्थांच्या पत्राचं उत्तर मला वाटतं तिथे जास्त चांगलं मिळेल.

त्या गृहस्थांना पण माझं आमंत्रण आहे. पत्त्यावरून ते पुण्याचे दिसतात, तर पुणे-दौंड मार्गावर यवतच्या पुढे केडगाव स्टेशन लागतं, दौंडच्या अलीकडे. पॅसेंजरने जा, तिथे गाडी थांबते की नाही ते आधी बघून घ्या. मुक्तीचं काम अजून चालू आहे, मुली-बायका राहतात तिथे, त्यामुळे आधी फोन करून परवानगी घ्या आणि फोटो काढू नका. सोसायटीतल्या त्या कुटुंबाला पण बरोबर न्या, तिकीट तुम्ही काढा, नाहीतर ते म्हणतील प्रभू बघून घेईल.

आपली,
एक वाचक (निवृत्त परिचारिका), अहिल्यानगर